काशीकाकांनी आणलेल्या निवट्या

ही घटना खरी आहे.

हेमांगी माझी मावसबहीण. तिला खोटं बोलायला कधी जमलंच नाही. लहानपणी चोरून चिंचा खाल्ल्या तरी संध्याकाळी स्वतःच आईला सांगून मोकळी व्हायची. हे सगळं मला सांगताना ती मध्येच उठून बेसिनपाशी गेली, उलटी केली, चूळ भरली, परत येऊन बसली आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढे सांगायला लागली.

गावाचं नाव सांगत नाही. वसई पूर्वेला, खाडीच्या कडेला आहे एवढं पुरे. आधी घरं, मग भाताची शेतं, मग बांध, आणि बांधापलीकडे तिवरांची झाडं आणि चिखल. तिच्या सासरची माणसं अजून तिथंच राहतात.

दसरा होऊन गेला होता. भात कापायला आला होता.

आणि रात्र नव्हती... हे आधीच सांगून ठेवते. जे काही झालं ते सगळं लख्ख उन्हात झालं. ओहोटीच्या वेळेला.

हेमांगीच्या घरात माणसं मोजकी. नवरा कल्पेश, वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला. मुलगी खुशी, दुसरीत. सासू हंसा, सासरे श्रीपत. आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ काशीराम. त्यांना घरात सगळे काशीकाका म्हणायचे. फक्त खुशी म्हणायची, मोठा आजा.

काशीकाकांनी लग्न केलं नाही. पडवीत त्यांची खाट. सकाळी उठले की मोरीत बसून इतक्या जोरात गुळण्या करायचे, की शेजारची कुत्री भुंकायची. आणि ओहोटी लागली की कमरेला डबा बांधून चिखलात उतरायचे.

निवट्या धरायला.

ज्यांनी निवटी पाहिली नसेल त्यांना सांगते. हा मासा आहे, पण पाण्यात कमी आणि चिखलावर जास्त असतो. वीतभर अंग, करडं, बुळबुळीत. डोळे बेडकासारखे डोक्यावर आलेले. पुढचे दोन पंख कोपरांसारखे टेकत टेकत चिखलावरून चालतो. हो, चालतो. माणूस जवळ गेला की टुणकन उडी मारून बिळात. मग त्या बिळात खांद्यापर्यंत हात घालून त्याला चाचपून बाहेर काढावं लागतं.

काशीकाका त्यात पटाईत होते. दोन्ही हात कामात असले की धरलेली निवटी दातात पकडायचे. दात तरी कुठले... वरचा एकच उरला होता. त्यामुळे त्यांनी आणलेल्या प्रत्येक निवटीच्या मानेवर एकच बारीक भोक असायचं.

हेमांगी राखेत घोळून निवट्या साफ करायची आणि हसायची.

"काका, शिक्का मारूनच आणता तुम्ही!"

"मग! माल कोनाचा हाय ते कलाया नको?"

त्या दिवशी खुशी शाळेतून आली ती रुसूनच. डाळभात नको, अंडं नको.

"मला निवट्याच पाहिजेत."

काशीकाका खाटेवरून उठले. डबा कमरेला बांधला.

"आनतो. माजे बायला आनून देतो म्हंजे देतो."

ते बांध ओलांडून गेले. भरती आली.

काशीकाका आले नाहीत.

गावातली पोरं तिवरांत शिरून शोधत होती. अग्निशमनवाल्यांची बोट आली. पोलीस आले. काही मिळालं नाही. डबा नाही, टोपी नाही, काहीच नाही. शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, आणि दहाव्याला सगळे बांधावर जमले.

केळीच्या पानावर पिंड ठेवला. माणसं मागे सरकून उभी राहिली.

कावळे होते. तिवरांवर भरपूर बसले होते. पण एकही खाली येईना.

श्रीपतबाबांनी हात जोडले. "काशी, तुजी पडवी तुजीच र्‍हाईल. तुजी खाट कोन हलवनार नाय. शिव, भावा."

कावळे तसेच.

ऊन डोक्यावर आलं. ओहोटी पूर्ण लागली होती. खाली चिखल उघडा पडला होता, आणि त्याचा तो कुजका, खारट वास...

तेवढ्यात पानाची कड हलली.

एक निवटी बांधावर चढून आली होती.

निवटी कधी बांधावर चढत नाही. वर सुकी माती असते, तापलेली. पण ती आली. कोपरं टेकत, पोट घासत, मागे ओला चिकट पट्टा सोडत पानावर चढली. तिच्यामागून दुसरी. मग आणखी. त्या पिंडावर चढल्या. पांढऱ्या भातावर काळा चिखल माखला. आणि त्यांनी तोंड उघडून भात ओरबाडायला सुरुवात केली. चप्... चप्... चप्.

एक म्हातारा तोंडावर पंचा धरून बाजूला गेला आणि ओकला.

हेमांगीनं खुशीचे डोळे झाकले होते. पण बोटांच्या फटीतून खुशी बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "मोठ्या आजानं पाठवल्या."

दुसऱ्या दिवशीपासून मोरी सुरू झाली.

हेमांगी भांडी घासायला बसली होती. कल्पेश कामावर, खुशी शाळेत, सासूसासरे शेतावर. घरात ती एकटी.

मोरीच्या भोकातून आवाज आला.

गुळ्ळ्... गुळ्ळ्... खर्रर्र...

कोणीतरी घशात पाणी घेऊन गुळण्या कराव्यात तसा. मग खाकरल्यासारखा. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

हेमांगीच्या हातातली कढई निसटली. आवाज थांबला. आणि भोकातून आधी चिखलाचा गोळा वर आला. दाट, काळा, कफाच्या बेडक्यासारखा लोंबणारा. तो फरशीवर पसरला. त्यात काहीतरी वळवळलं.

निवटी.

संध्याकाळी तिनं कल्पेशला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, मोरीचा पाइप नाल्यात, नाला खाडीत. पाणी चढलं की वर येणारच ना. मी जाळी बसवतो."

"कल्पेश, तेव्हा ओहोटी होती."

त्यानं जाळी मात्र बसवली, चांगली स्क्रूनं आवळून.

दुसऱ्या दिवशी जाळी जागच्या जागी होती. एकही स्क्रू ढिला नव्हता. आणि मोरीत निवट्या होत्या. बादलीच्या कडेला चिकटलेल्या, मगात, ओल्या फडक्याखाली. फडकं उचललं तर त्या सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या आणि डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढले.

हेमांगीनं चिमट्यानं एक उचलली. फेकून द्यायला म्हणून खिडकीपाशी नेली. उजेडात तिची मान दिसली.

मानेवर एकच बारीक भोक होतं.

तिनं दुसरी उचलली. तिसरी उचलली.

सगळ्यांच्या मानेवर... एकच भोक.

तिनं त्या सगळ्या बादलीत भरल्या, वर पाटा ठेवला, मोरी फिनेलनं घासली, स्वतःचे हात घासले. पण वास जाईना. जेवताना हाताला तोच वास. केसांना तोच. खुशीला कुशीत घेऊन झोपली तर खुशीच्या तोंडाला...

हो. खुशीच्या तोंडाला तोच वास येत होता.

दोनचार दिवसांत खुशीनं जेवण सोडलं. भाताचा घास तोंडात घेतला की थुंकायची. चपातीकडे बघायची नाही. तरी पोट तट्ट फुगलेलं. हातपाय मात्र काड्यांसारखे व्हायला लागले. वसईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली. जिभेवर काळपट थर होता.

"माती खाते का हो ही?"

"नाही डॉक्टर."

"लक्ष ठेवा. जंताचं औषध देतो."

औषध दिलं. रात्रभर काही नाही. सकाळी खुशीला जे झालं ते हेमांगीनं मला सांगितलं, पण मी इथं पूर्ण लिहू शकत नाही. शौचाला फक्त चिखल झाला. खाडीचा, काळा, चकाकणारा. त्यात बारीक काटे होते. आणि एक डोळा.

हेमांगीनं दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

त्याच दुपारी तिला कळलं.

घरात खुशीचा आवाज नव्हता. टीव्ही चालू, पण समोर ती नाही. अंगणात नाही. हेमांगी हाका मारत पडवीत आली. काशीकाकांची रिकामी खाट. खाटेखालून आवाज येत होता.

चप्... चप्...

तिनं गोधडीची कड वर केली.

खुशी खाटेखाली बसली होती. अंगातला फ्रॉक चिखलानं भरलेला. मांडीवर तिचा डबा उघडा, आणि त्यात निवट्या वळवळत होत्या. तिच्या ओठांतून एक शेपटी बाहेर आली होती. शेपटी हलत होती. खुशी ती चावत नव्हती... हळूहळू आत ओढून घेत होती. तिच्या गळ्याची कातडी वरखाली होत होती.

हेमांगीनं तिला ओढून बाहेर काढलं, तोंडात बोटं घातली. अर्धी निवटी तुटून बाहेर आली. उरलेली गिळून झाली होती.

"थुंक! खुशी, थुंक ती!"

"मोठा आजा देतो, आई." खुशी शांत होती. दातांत चिखल. "रोज आणून देतो. तो बोलला, सगळ्या संपवायच्या."

हंसा शेतावरून येत होती. ती पडवीच्या पायरीवरच थांबली. तिनं डबा बघितला, पोरीचं तोंड बघितलं, आणि हातातला विळा खाली ठेवला.

"कवाधरनं खाते ही?"

हेमांगीला रडू फुटलं.

हंसाबाई तिच्याजवळ टेकली. तिनं सांगितलं ते घरातलंच होतं, तिच्या सासूकडून तिच्यापर्यंत आलेलं. निवटी ना पान्याची, ना जमिनीची. खाडीत जाऊन जो मिळत नाही, ज्याला आग मिळत नाही, तो पन तसाच. मधल्यामधी. मग तो घरच्यांना निवट्या पाठवतो.

"पाठवल्या तर पाठवल्या. पन खायच्या नसतात, पोरी. त्याच्या हातचं खाल्लं की खानारा त्याचा. उधानाला तो न्यायला येतो."

"काका असं करतील? खुशीला?"

"तो वाईट नाय गो." हंसानं खुशीला जवळ ओढलं. "त्याला कल्लंच नाय आपन मेलो ते. पोरीला आनतो बोलला ना... अजून आनतोय."

अमावास्या परवावर आली होती. उधाणाची भरती.

"मग करायचं काय?"

"परत द्यायचं. सगलं."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर हेमांगी घरातल्या सगळ्या निवट्या बादलीत भरून निघाली. कल्पेश जायला तयार होता, पण हंसानं अडवलं. ज्या हातांनी काशीरामाला वाढलं त्याच हातांनी परत करायला हवं, म्हणाली. खुशीला कल्पेशच्या मांडीवर दिलं. श्रीपतबाबा काठी टेकत सुनेबरोबर बांधापर्यंत आले. पुढे त्यांचे गुडघे चालेनात.

"मी हितंच उभा हाय. भरतीचं पानी वल्लं की हाक मारतो. तशीच निघून ये."

हेमांगी चिखलात उतरली. पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. प्रत्येक पावलाला चिखल पाय धरायचा आणि सोडताना मोठ्यानं मुका घेतल्यासारखा आवाज करायचा. बादलीतल्या निवट्या एका बाजूला गोळा झाल्या. ती जरा चुकीच्या दिशेनं वळली की त्या दुसऱ्या बाजूला सरकायच्या. तिला कळलं, त्या वाट दाखवतायत.

तिवरांच्या मागे एक बीळ होतं.

निवटीचं बीळ कसाबसा हात जाईल एवढंच असतं. हे तिच्या खांद्यांएवढं रुंद होतं. तोंडाशी हिरवट फेस. आत पाणी, आणि पाण्यात मंद बुडबुडे.

गुळ्ळ्... गुळ्ळ्...

तिनं बादली टेकवली.

"काका... मी हेमांगी. खुशीचं पोट भरलं. ह्या परत घ्या."

एकेक निवटी तिनं हातानं उचलून आत सोडली. किळस येऊन अंगावर शहारे येत होते, पण ती सोडत राहिली. एकेक करून सगळ्या खाली गेल्या. बादली रिकामी झाली.

तिनं श्वास सोडला.

बिळातून एक निवटी वर आली.

आपणहून आली नव्हती. उलटी होती, पोट वर. खालून कोणीतरी ढकलली होती.

हेमांगीनं ती आत ढकलली. ती परत वर आली. तिनं पुन्हा ढकलली, या वेळी मनगटापर्यंत हात घालून. मग कोपरापर्यंत. आतलं पाणी कोमट होतं. तोंडातल्या पाण्यासारखं कोमट.

आणि आत तिचा हात कोणीतरी धरला.

ओढला नाही. नुसता धरला. बोटं फुगलेली, मऊ, कातडी सरकणारी. त्या बोटांनी तिची मूठ उघडली, तळहातावर निवटी ठेवली, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. आजोबा नातवंडाच्या हातात खाऊ देतात ना... अगदी तसं. मग मुठीवर हलकेच थोपटलं.



तिनं हात ओढला. मूठ सुटेना. तिचं मनगट त्या मऊ बोटांत होतं, आणि त्यांना जोर बेताचाच होता, पण चिखलच वर येत होता. तिच्या मांड्यांपर्यंत चिखल चढला.

"हेमांगी!" बांधावरून श्रीपतबाबांची हाक. "पानी वल्लं! निघ!"

तिवरांच्या मुळांतून पाण्याची पहिली चमकती रेघ आत शिरत होती.

"काका, सोडा!"

पुन्हा तेच. मुठीवर हलकेच थोपटणं.

मग तिला कळलं. ते ओढत नव्हते. वाट बघत होते. दिलेलं घेतल्याशिवाय सोडणार नव्हते. आता त्यांनी खुशीला दिलं नव्हतं... तिला दिलं होतं. आणि तिनं नाही घेतलं, तर उद्या उधाणाच्या पाण्याबरोबर ते पुन्हा घरी येणार होते, खुशीकडे.

"घेते," ती म्हणाली. "मी खाते काका. पण मग पोरीला नाही. पोरीला परत कधी नाही. मला दिलंत, बास."

बुडबुडे थांबले.

बोटं सुटली.

हात वर आला. मुठीत निवटी होती, जिवंत, मानेवर एकच भोक.

हेमांगीनं डोळे मिटले आणि ती तोंडात घातली.

कशी लागली ते तिनं मला सांगितलं. आधी चिखल, मग बुळबुळ, मग दाढांखाली कुरकुर. निवटीनं तिच्या टाळूला कोपरं टेकून मागे यायचा प्रयत्न केला. तिनं जिभेनं तिला दाबून धरलं आणि चावली. तोंडात खारट, कोमट काहीतरी फुटलं. तिनं ते गिळलं. डोकं, डोळे, सगळं.

"खाल्ली," ती म्हणाली.

बिळावरचा फेस फुटला. चिखल आत बसला आणि तिथं साधा सपाट चिखल उरला.

ती बांधापाशी पोहोचली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. श्रीपतबाबांनी तिचं तोंड बघितलं. काय झालं असं विचारलंही नाही. आपल्या पंचानं तिचे ओठ पुसले आणि लहान मुलासारखे रडले.

अमावास्येची भरती आली आणि गेली. घरी काही झालं नाही. नंतरच्या ओहोटीला बाबांनी गावातली माणसं नेऊन ती जागा खणून घेतली. काशीकाका तिथं होते. चिखलात उभे, एक हात सरळ वर केलेला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेले असणार. चिखलात रुतले, वरून भरती आली.

या वेळी त्यांना खरा अग्नी मिळाला. मोरी शांत झाली. खुशीनं आठवड्याभरात वरणभात मागून घेतला. आता चांगली गुटगुटीत आहे. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. मोठा आजा गावाला गेला असं ती सांगते.

हेमांगी आणि कल्पेशनं विरारला फ्लॅट भाड्यानं घेतला, वरच्या मजल्यावर. खाडी तिथून दिसतही नाही. कल्पेश गाडी काढून वालीवला कामाला जातो. सगळं नीट चाललंय.

मी तिला विचारलं, "आता भीती वाटते का गं? अमावास्येला वगैरे?"

"भीती नाही वाटत." तिनं खिडकीकडे बघितलं. दुपार होती. खिडकी घट्ट बंद, फटीत ओली फडकी कोंबलेली. "घाण वाटते. माझीच."

"का? तू तर पोरीला वाचवलंस."

"तुला इथं वास येतो?"

मला कसलाच वास येत नव्हता.

"मला येतो. ओहोटी लागली की येतो, इतक्या लांबून. घड्याळ बघायला लागत नाही. चिखल उघडा पडला की मला इथं बसून कळतं." ती थांबली. पदरानं ओठ पुसले. "उलट्या करते मी. पण किळस येऊन नाही गं... आतून काढून टाकायला. कारण तो वास आला ना, की माझ्या तोंडाला पाणी सुटतं."

ते बोलतानाही तिनं आवंढा गिळला.

मग पुन्हा एक.